भात्यावरचा डावा हात

हार्मोनियमवादक, म्हणजे आपल्या भाषेत पेटीवाले, पं. तुळशीदास बोरकर २९ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईत वारले. त्या वर्षी अनंत चतुर्दशी २३ सप्टेंबरला झाली होती. आरत्या आणि भजनांतून मोकळ्या झालेल्या कोकणातल्या पेट्या नुकत्या कापडात गुंडाळून कपाटात जात होत्या, आणि त्याच आठवड्यात पेटीवाल्यांमधला हा मोठा माणूस गेला. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या बोरी गावचा जन्म, २००५ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २०१६ सालची पद्मश्री हे सगळं तेव्हा छापून आलं. ज्या वाद्यावर त्यांनी आयुष्य घालवलं त्या वाद्याचं मूळ दुखणं काय, आणि त्यावर हातांनी काय इलाज करता येतो, याबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. माझ्या मते त्यांचं मोठेपण तिथेच आहे, आणि ते कळायला पेटी आतून माहीत असावी लागते.

बोरकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १९३४चा. पहिले धडे आई जयश्रीबाईंकडून मिळाले. ते सव्वापाच वर्षांचे असताना, १ मार्च १९४० पासून, ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं. साथीपुरतं ते दार पुन्हा किलकिलं झालं १९७१ साली, आणि तेव्हाही एकल वादनाला परवानगी नव्हतीच. गोवा त्या काळात पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे बोरीच्या घरात या बंदीची झळ लगेच पोचली नसेल. पण ज्याला पुण्या-मुंबईत जाऊन पेटीवर जगायचं होतं त्याची सगळी शिकण्याची वर्षं या बंदीच्या आत गेली. देशातलं सर्वांत मोठं व्यासपीठ तुमच्या वाद्याला वाद्यच मानत नाही, अशा काळात बोरकरांनी पेटी हातात धरली आणि ती सोडली नाही. पेटीच्या बाबतीत वाट पाडणं म्हणतात ते हेच.

बंदी घालणाऱ्यांचं म्हणणं काय होतं? वाद्य परदेशी आहे, हा एक भाग. तो मी सोडून देतो, कारण व्हायोलिनला कुणी हाकललं नाही. उरलेल्या दोन तक्रारी खऱ्या होत्या. पेटीचे सूर आपल्या सुरांशी जुळत नाहीत, आणि पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही.

पहिली तक्रार आकड्यांत मांडता येते. पेटीच्या सप्तकात बारा पट्ट्या असतात आणि दोन शेजारच्या सुरांमधलं अंतर सगळीकडे सारखं, १०० सेंट असतं (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं बारीक माप). तानपुऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर आहे. पेटीचा गांधार ४०० वर, म्हणजे १४ सेंट चढा. शुद्ध धैवत १६ सेंट चढा, निषाद १२ सेंट चढा, कोमल गांधार उलट १६ सेंट उतरलेला. पंचम आणि मध्यम यांत फरक दोनच सेंटचा, तो कानाला जाणवत नाही. काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज मानून, गाणारा गवई घ्या. पेटीच्या मधल्या सप्तकात तो षड्ज सुमारे २७७ हर्ट्झ. त्या षड्जाचा शुद्ध गांधार ३४६.५वर लागतो, पेटीचा ३४९.२वर वाजतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेत जो गांधार आपोआप उमटतो तो ६९३ हर्ट्झचा असतो, आणि पेटीच्या गांधाराचा वरचा अंश ६९८.५ हर्ट्झचा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साडेपाच लाटा उठतात. भूप राग चालू असताना गवयाने गांधारावर मुक्काम केला आणि पेटीवाला त्याच पट्टीवर बोट ठेवून बसला, तर मैफलीत जी बारीक थरथर ऐकू येते ती हीच. श्रोत्याला कारण सांगता येत नाही, पण सुख लागत नाही एवढं कळतं.

यावर उपाय म्हणून पेटी शुद्ध सुरांत लावता येते. मग ती एकाच पट्टीला बांधली जाते. काळी एकसाठी लावलेली पेटी पांढरी चारमध्ये गाणाऱ्याला दिली की सूर आणखी बिघडतात. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांची चौकट सरकते, रीड, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी जिभा, जागच्या जागी राहतात, म्हणून तिथेही सुटका नाही. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म सुरांची, पेटी करून हा प्रश्न यंत्राच्या बाजूने सोडवला. ते काम मोठं आहे. पण बोरकरांच्या पिढीपुढे साधी पेटीच होती, आणि तिचा दोष लपवायचा तर तो फक्त वाजवणाऱ्याच्या हातांनी.

रेडिओ बंद होता तेव्हा पेटीला आसरा दिला तो देवळांनी आणि नाटकांनी. फोंड्याच्या पट्ट्यात मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी, रामनाथी अशी देवळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी उत्सवाला गाणं आहे. पलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्यापासून मालवण-देवगडपर्यंत भजनी मंडळं आणि दशावतारी मंडळ्या. इथे पेटीला कुणी परकं म्हटलं नाही. भजनातला बुवा तर स्वतःच पेटी वाजवतो आणि स्वतःच गातो, पखवाज आणि झांजांच्या गदारोळात, चढ्या पट्टीत. त्याला श्रुतींच्या वादाशी देणंघेणं नसतं, त्याला आवाज हवा असतो.

बोरकर या वातावरणातून निघून पुण्यात गायक-नट छोटा गंधर्वांच्या साथीला गेले. नाट्यसंगीताची साथ ही अवघड शाळा आहे. नट उभा राहून गातो, फिरतो, मध्येच गद्य बोलतो, वन्स मोअर आला की पद पुन्हा उचलतो, आणि छोटा गंधर्वांसारखा गायक प्रत्येक वेळी वेगळ्या जागेवरून उचलतो. पेटीवाल्याला पुढची जागा आधी हेरावी लागते आणि तरी गायकाच्या मागेच राहावं लागतं. मग गुरू मिळाले ते मधुकर पेडणेकर, म्हणजे पी. मधुकर. ज्या काळात पेटी साथीलाही नको होती, त्या काळात पी. मधुकर यांच्या एकल वादनाच्या तबकड्या निघाल्या. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मिळत. तेवढ्यात राग, बंदिश, ताना आणि तिहाई बसवायची म्हणजे एकही सूर भरतीचा ठेवता येत नाही. बोरकरांच्या हातात जी काटकसर दिसते ती या घराण्याची आहे असं मला नेहमी वाटतं.

आता भाता. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी ज्या हार्मोनियमचं पेटंट घेतलं ते पायाने हवा भरायचं वाद्य होतं, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. १८७५च्या सुमारास कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातपेटीचा प्रसार केला आणि डावा हात मागच्या भात्यावर गेला. युरोपीय संगीताच्या दृष्टीने हा मोठा तोटा होता, कारण एका हाताने त्यांची स्वरांची गुंफण वाजत नाही. आपल्याला मात्र एकच धून हवी होती, आणि तिच्यासाठी श्वास हवा होता. पायाला जे जमत नाही ते तळहाताला जमतं. सूर लागताना किती हवा द्यायची, सूर सोडताना किती काढून घ्यायची, हे सगळं डाव्या हातात आलं.

नवशिक्याचं इथेच चुकतं. पेटीत दोन भाते असतात. मागचा हाताने चालवायचा आणि तळाशी आतला, ज्याला स्प्रिंगा असतात. आतला भाता अर्धा भरलेला असेल तेव्हा तो हाताचे धक्के पोटात घेतो आणि रीडला सलग हवा देतो. तो तुडुंब भरला की घ्यायला जागा उरत नाही, आणि बाहेरून दिलेला प्रत्येक झटका सरळ रीडपर्यंत पोचतो. शिकाऊ माणूस भीतीपोटी सतत भाता मारत राहतो, आतला भाता कायम भरलेला, आणि सूर हिसके खात येतो. शिवाय दाब वाढला की रीडचा सूर केसभर खाली जातो, म्हणजे आवाज वाढताना सूर उतरतो. जाणता वादक आतला भाता अर्ध्यावर ठेवतो, मागचा भाता पूर्ण उघडून संथपणे मिटवत नेतो, आणि जिथे सुराला जोर द्यायचा तिथेच मुद्दाम आतला भाता भरून घेऊन हाताचं वजन थेट रीडवर टाकतो. भाता उघडायचा क्षणही निवडावा लागतो. उघडताना नवी हवा आत जात नाही, त्या वेळी साठ्यावर चालतं. समेवर किंवा लांब सुराच्या मध्यावर भाता उघडला तर सूर खचतो. शब्द संपतो तिथे, गवई श्वास घेतो तिथे, तो उघडायचा.

मींडेचा आभासही अर्धा डाव्या हातातून येतो. गांधारावरून पंचमावर जायचं असेल तर आधीची पट्टी उठण्याआधी पुढची दाबली गेली पाहिजे, पण दोन सूर एकत्र ऐकू येता कामा नयेत. मधल्या मध्यमाला बोट फक्त घासून जातं. या सगळ्या वेळात भाता किंचित ढिला पडतो आणि पंचमावर पोचताना पुन्हा भरतो. कानाला सूर घसरत वर गेल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो पायऱ्यांनीच गेलेला असतो. पट्टी अर्धवट दाबली तर झडप नीट उघडत नाही आणि सूर थोडा उतरतो, त्याचाही उपयोग करता येतो. पण प्रत्येक पेटीत ती जागा वेगळी असते, आणि ओल्या हवेत तर रोज वेगळी. त्यावर विसंबून मैफल करू नये.

साथीतलं सगळ्यांत मोठं शहाणपण म्हणजे कुठे न वाजवणं. गवई गांधारावर थांबला की पेटीने तिथे थांबू नये. गांधाराला स्पर्श करून षड्ज-पंचमावर यावं, कारण ते दोन सूर तानपुऱ्याशी भांडत नाहीत. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे हलत राहणारा, कोमल गांधार पट्टीवर नाहीच. तिथे मध्यमाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, देऊन गांधार नुसता दाखवायचा आणि रिषभावर उतरायचं. मारव्याचा कोमल रिषभ, तोडीचा गांधार, इथेही तेच. वाईट साथीदार गवयाच्या प्रत्येक सुरावर आपलं बोट ठेवून त्याचा सूर खोटा पाडतो. चांगला साथीदार रिकाम्या जागा भरतो आणि भरलेल्या जागा सोडतो. रेडिओवाल्यांची तक्रार वाद्याबद्दल होती, पण तिचं निम्मं कारण वाद्यात होतं आणि निम्मं असं वाजवणाऱ्यांत, असं माझं ठाम मत आहे. बोरकरांसारख्यांनी नेमकं ते निम्मं पुसून टाकलं.

या किनाऱ्याचं आणखी एक नाव इथे घ्यायलाच हवं. गोविंदराव पटवर्धन, गुहागरकडचे, १९२५ ते १९९६. त्यांच्या पेटीतून पदाचे शब्द ऐकू येतात असं लोक म्हणत, आणि ध्वनिमुद्रणं ऐकली की ते पटतं. अक्षराचा आघात, दीर्घ स्वराची ओढ, अनुस्वाराचं मिटणं हे सगळं पट्टी सोडण्याच्या वेळेवर आणि भात्यावर अवलंबून असतं. गोविंदराव आणि बोरकर यांची तुलना करण्यात मला रस नाही. गुहागर ते बोरी या किनाऱ्याने पेटीला दोन असे हात दिले, एवढं पुरे.

आणि याच किनाऱ्यावर पेट्या सर्वांत लवकर मरतात. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, आषाढ-श्रावणात हवेत नव्वद टक्क्यांच्या आसपास ओल, आणि उरलेलं वर्षभर खारा वारा. पेटी लाकूड, चामडं, कापड, फेल्ट, पितळ आणि पोलाद यांची असते, आणि यातल्या प्रत्येकाला ओल वेगळ्या तऱ्हेने बाधते. बोरकरांना आदरांजली म्हणून कुणाला काही करावंसं वाटलं तर गावच्या देवळातली पेटी उघडून बघावी, म्हणून हे जरा विस्ताराने लिहितो.

रीड म्हणजे पितळेची चौकट आणि तिच्या फटीवर एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली पितळेची जीभ. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ पट्ट्या. खर्ज, नर, मादी (म्हणजे खालच्या, मधल्या, वरच्या सप्तकाचे) असे तीन संच असतील तर १२६ रीड. जिभेच्या टोकाकडे अगदी थोडं खरवडलं तर टोक हलकं होऊन सूर चढतो. मुळाकडे खरवडलं तर जीभ मऊ पडून सूर उतरतो. खाऱ्या हवेने पितळेवर हिरवट कीट धरतं, टोक जड होतं आणि सूर उतरतो. सगळ्या रीड सारख्या उतरत नाहीत, ज्या कमी वाजतात त्या जास्त उतरतात. म्हणून गावाकडच्या पेट्यांत मधलं सप्तक बरं आणि वरचं बेसूर असतं. एखादा संच वर्षानुवर्षं उघडलेलाच नसेल तर त्याची अवस्था विचारू नका. कीट काढायला देवाची भांडी घासतात तसं चिंच किंवा लिंबू लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. आम्ल पितळ खातं, जीभ पातळ होते, आणि गेलेला सूर परत येत नाही. काचतंतूंचा मऊ ब्रश मुळापासून टोकाकडे हलकेच फिरवावा, आडवा कधीच नाही.

एखादा सूर अचानक मुका झाला तर नव्वद टक्के वेळा जिभेखाली धुळीचा कण किंवा किड्याचा पाय अडकलेला असतो. पातळ कागदाची पट्टी जिभेखाली सरकवून टोकाच्या दिशेने ओढून काढली की बोलू लागतो. जीभ उचलून बघू नये. ती वाकली की एक तर सूर उशिरा लागतो आणि हवा खातो, किंवा चौकटीत बसून बोलेनासाच होतो. जीभ मुळाशी तुटली असेल तर डाग देऊन ती टिकत नाही, रीडच बदलावी लागते. भजनी मंडळांत हे वारंवार होतं, कारण पखवाजाच्या वर आवाज काढायला बुवा भाता ठोकतात आणि पितळ मुळाशी थकतं.

पट्टी न दाबता सूर वाजत राहिला तर पट्टीमागची झडप नीट बसत नाही असं समजावं. स्प्रिंग गंजून सैल झाली असेल, झडपेचं चामडं ओलीने मुरडलं असेल, किंवा अक्षता. देवळातल्या पेटीत अक्षतेचे दाणे, गुलाल आणि उदबत्तीची राख हमखास सापडते. गुलाल सर्वांत वाईट, तो ओल धरून ठेवतो. आरती चालू असताना पेटीवर कापड असावं, हा नियम मंडळाने करून टाकावा.

पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटणं हा श्रावणातला नेहमीचा आजार. दोन पट्ट्यांमध्ये जुनं पोस्टकार्ड सहज सरकलं पाहिजे. सरकत नसेल तर लगेच कानस घेऊन बसू नये. आज घासलेलं लाकूड मार्गशीर्षात आकसतं आणि पट्ट्या खिळखिळ्या होतात. आधी पेटी कोरडी करावी. तरीही अडकत असेल तर पट्टीच्या बाजूंना शंखजिरे लावावं आणि पिनांना पेन्सिलीचं शिसं. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल अजिबात नको. लाकूड तेल पितं, धूळ धरतं, आणि तेलाचा ओघळ रीडवर गेला की तो सूर गेला. कपलर असेल तर पावसाळ्यात तो बंदच ठेवावा, एका पट्टीबरोबर दुसरी ओढली जाते आणि फुगलेल्या लाकडावर दुप्पट ताण येतो.

कपाटात बल्ब ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे, पण पंधरा वॅटचा तापणारा बल्ब हवा, आणि तो पेटीपासून किमान दीड फूट लांब, खालच्या कप्प्यात. पुष्कळ ठिकाणी वीज वाचवायला तिथे एलईडी लावलाय. तो उजेड देतो, ऊब देत नाही, आणि पेटी उजेडात फुगत राहते. उलट साठ वॅटचा बल्ब पेटीला चिकटून ठेवला तर सरस सुकून सांधे सुटतात. विजेची सोय नसेल तर पन्नास ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पिशव्या पेटीच्या झाकणाखाली ठेवाव्यात. जुलैत आठवड्याभरातच रंग पालटतो, मग मंद आचेवर तव्यात कोरडे गरम करून पुन्हा भराव्यात. फेल्टला कसर लागते आणि भात्याचं चामडं उंदीर कुरतडतात, म्हणून पेटी जमिनीवर कधीच ठेवू नये. यापेक्षा मोठं औषध एकच, रोज दहा मिनिटं वाजवणं. संच उघडणाऱ्या सगळ्या खुंट्या ओढून, खालच्या पट्टीपासून वरच्यापर्यंत प्रत्येक सूर. हवा खेळती राहते, कीट धरत नाही, उंदीर फिरकत नाही.

भाता गळतो का हे बघायला एकच संच उघडावा, भाता एकदा पूर्ण भरावा आणि मधल्या सप्तकातला एक सूर धरावा. पंधरा-वीस सेकंद सूर टिकला तर पेटी ठीक. सात-आठ सेकंदांत मेला तर घड्या फाटल्यात, किंवा रीडबोर्ड आणि पेटी यांच्यातलं चामडं आटलंय. भजनी मंडळं दुरुस्तीसाठी श्रावणात धावतात, गणपती तोंडावर आल्यावर. दुरुस्तीला त्याहून वाईट महिना नाही. सरस वाळत नाही, चामडं बसत नाही, आणि ओल्या हवेत लावलेला सूर दिवाळीनंतर हलतो. वैशाखात, चाकरमानी गावात असताना, वर्गणी आणि दुरुस्ती दोन्ही उरकावं. सूर लावण्याचं काम त्याहून उशिरा, थंडीत. रीड हातात धरून सूर लावला तर बोटांच्या उबेने तो फसवतो, म्हणून खरवडायचं, जागेवर बसवायचं, थांबायचं, मग ऐकायचं. शेवटचा हात दुसऱ्या दिवशी.

जुन्या देवळांत अजून जर्मन किंवा गुजरातेतल्या पालिताण्याच्या रीडच्या पेट्या आहेत. पेटारा कुजलेला, भाता फाटलेला, म्हणून त्या भंगारात जातात आणि जागी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड येतो. हे थांबायला हवं. लाकडी खोकं आणि भाता नवा करता येतो. त्या रीड पुन्हा मिळणार नाहीत. कीबोर्डला पेटीचा आवाज असतो, भाता नसतो, आणि भाता नसेल तर वर सांगितलेल्यातलं काहीच शिकता येत नाही.

बोरकरांनी शिष्य तयार केले ही त्यांच्या कामाची दुसरी बाजू. सुधीर नायक, सीमा शिरोडकर, केदार नाफडे ही नावं पेटी ऐकणाऱ्याला सांगावी लागत नाहीत. या पिढीत पेटीवाला मंचावर मध्यभागी बसून तास-दीड तास राग मांडतो आणि लोक तिकीट काढून ऐकतात. १९४० साली हे कुणी मानलं नसतं.

नव्याने शिकणाऱ्या मुलांनी बोरकरांची ध्वनिमुद्रणं लावली की ताना मोजत बसू नये. एकदा सगळं ऐकावं ते फक्त डाव्या हातासाठी. सूर कुठे उगवतो, कुठे भरतो, श्वास कुठे घेतलाय. मग पेटीसमोर बसून तानपुरा लावावा, एकच संच उघडावा आणि काळी एकचा षड्ज धरावा. पहिली दहा मिनिटं दुसरी पट्टी दाबायची नाही. भाता उघडतो आणि मिटतो तो सांधा ऐकू येता कामा नये, आवाज वरखाली होता कामा नये. ते जमलं की तोच सूर आठ मात्रांत शून्यातून भरत न्यायचा आणि आठ मात्रांत परत आणायचा. त्यानंतर षड्ज-पंचम. गांधाराची पट्टी महिनाभर तरी लागणार नाही.